कराराआधीचे कांदेपोहे

पहिल्याच भेटीत 'हो' म्हणणाऱ्या माणसावर बाईंचा अजिबात विश्वास नव्हता. असा माणूस त्यांना आजारी तरी वाटायचा, नाहीतर लबाड. एकदा विश्रांतवाडीच्या चौकात एक रिक्षावाला मीटरप्रमाणे वाघोलीला यायला लगेच तयार झाला, तर बाई रिक्षात बसेचनात. "काऊन तयार झाला हा?" असं त्या मलाच विचारायला लागल्या. पुण्यात ही शंका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, पण ऊन डोक्यावर होतं. बाईंनी त्या बिचाऱ्याची अशी उलटतपासणी घेतली की शेवटी तोच वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही दुसरी बघा." तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली आणि त्या त्याच्याच रिक्षात जाऊन बसल्या.

बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. कृषी खात्यात आयुष्य गेलं, शेवटची बदली पुण्याला झाली आणि निवृत्तीनंतर त्या विश्रांतवाडीतच राहिल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, सुती साडी आणि साडीखाली पुरुषी पांढरे बूट. फोन कुणाचाही येवो, अगदी क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा असला तरी, आधी खणखणीत "जय भीम" आणि मग पुढचं. कुठेही जाताना काखेत एक घडीचं स्टूल असायचं. खात्यात असताना गावोगाव लोक साहेब आल्या म्हणून खुर्ची आणायला धावायचे, कुणाच्या तरी म्हाताऱ्याला उठवून ती यांना द्यायचे, ते त्यांना आवडायचं नाही. म्हणून स्वतःचं आसन स्वतः न्यायचं. बोलणं इतक्या वर्षांत बऱ्यापैकी पुणेरी झालं होतं, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की वऱ्हाड बाहेर यायचं, 'का'चं 'काऊन' व्हायचं. त्यामुळे "काय करून राहिले तुम्ही?" हे वाक्य कोणत्या अर्थानं आलंय, ते त्यांचा चेहरा बघूनच ठरवावं लागायचं.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती गरजेपोटी. हिंजवडीच्या कंपनीत मी बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी कंपनीच्या बसमध्येच गेली असावीत. एक दिवस बसमध्ये बसल्या बसल्याच मला साक्षात्कार झाला की माणसानं काहीतरी सुवासिक करावं. मी आणि माझी बायको अनघा, आम्ही वाघोलीला एक शेड घेतली आणि गवती चहाची पात वाळवून त्याच्या पुड्या विकायला लागलो. पुड्या खपायला लागल्या. अडलं ते पातीपाशी. गवती चहा काय, प्रत्येकाच्या बागेत नळापाशी एक ठोंब असतोच, असं आपल्याला वाटतं; पण शेडला पुरेल एवढी पात रोज कोण देणार? आम्ही शेतकऱ्यांना फोन करायचो. बाजारात भाव असला की ते फोन उचलायचे नाहीत, आणि भाव पडला की सगळे एकाच दिवशी माल आणून ओतायचे.

तशातच एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. वर्षभर माल घ्यायला तयार होतं, पण त्याची एकच अट होती. तुमचे स्वतःचे, करार केलेले शेतकरी दाखवा, त्यांच्या शेतात लागवड झालेली दाखवा, मग बोलू. त्याचा माणूस लागवडीच्या हंगामात बघायला येणार होता. तोवर शेतकरी जमले नाहीत तर शेड बंद, शेडमधल्या बायका घरी आणि मी परत त्या बसमध्ये. हे सगळं मी बाईंना पहिल्या भेटीत सांगितलं आणि शेतकरी जमवण्याच्या कामाचं नेमणुकीचं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, घडी घालून पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "कळवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोचलो तर बाई दारात स्टूल टाकून बसलेल्या. काम सुरू झालं. सही मात्र कधीच झाली नाही. मी विचारलं की "कळवते ना" एवढंच उत्तर यायचं.

त्यांनी निवडलेलं गाव वाघोलीच्या पुढे नगर रस्ता सोडून आत होतं. जमिनी लहान, पाणी बेताचं. पहिली सभा शाळेच्या ओट्यावर ठरली. मी प्रोजेक्टर नेला होता, हिरव्या शेताची आणि वाफाळत्या कपाची चित्रं नेली होती. मी वायर शोधत होतो तेवढ्यात बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

"मी तुम्हाला हे सांगायला आले की हा करार काऊन करू नये."

मला वाटलं, ही त्यांची विनोदाची पद्धत असेल. पण नाही.

"गवती चहा एकदा लावला की शेत काही वर्षं अडकलं. मधेच कांदा लावावासा वाटला तर लावता येत नाही. पात हाताला कापते. जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणजे विकली नाही गेली तर बैलापुढंसुद्धा टाकता येत नाही. आणि हे साहेब," बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "यांनी जन्मात विळा धरलेला नाही."

ओट्यावर हशा पिकला. किसनराव म्हणून एक पुढारी गृहस्थ होते, ते म्हणाले, "मग तुमी आलाच कशाला वो बाई?"

"तुम्ही विचार करावा म्हणून. काय विचारायचं ते विचारा."

लोक विचारायला लागले. भाव कसा ठरणार, रोपं कोण देणार, गाडी कोणाची. मला जरा हुरूप आला. मग मागून एकानं विचारलं, "सातबारा जोडायचा काय?" मी लगेच म्हणालो, "हो, वकिलांनी सांगितलंय." त्याबरोबर सगळे प्रश्न आटले. एक जण गाईचं दूध काढायचंय म्हणून उठला. दुपारी तीन वाजता. मग एकामागून एक सगळेच उठले आणि ओट्यावर मी, बाई आणि प्रोजेक्टर उरलो.

परतताना मी गाडीत फणफणत होतो. पुण्याचा माणूस रागावला की जास्तच आदरानं बोलतो, तसं मी म्हणालो, "बाई, आपण नेमक्या कुणाच्या बाजूनं आहात, ते एकदा कळलं तर बरं होईल."

बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्याच पाट्या होत्या. "या गावात जमिनीचे दलाल सकाळ-संध्याकाळ फिरून राहिले. सातबारा घेऊन गेलेला माणूस पुन्हा चांगल्या कामासाठी आलेला यांनी पाहिला नाही. आणि तुम्ही पहिल्या दिवशी सातबारा मागता!" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजून एक सांगा. पात कोण कापणार?"

"बायका कापतात बहुतेक."

"मग सभेच्या वेळी त्या काऊन नळावर उभ्या होत्या?"

मी नळाकडे बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांना घरी सोडायला गेलो तर त्यांनी वर बोलावलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि गॅलरीत कुंड्याच कुंड्या. एका कुंडीत एकटीच कोरफड होती, जुनी, वेडीवाकडी वाढलेली. मी सहज म्हणालो, "ही बरी ठेवलीत. औषधी असते." बाईंनी तिचं एक वाळलेलं पान खुडलं. मग त्यांनी सांगितलं. खात्यात नवीन असताना एक कंपनी आली होती, कोरफड लावा, सगळी आम्ही घेतो म्हणून. बाईंनी तीन गावांत सभा घेतल्या, फायदे सांगितले, लोकांनी पटापट सह्या केल्या. कोरफड फोफावली आणि कंपनीचा फोन लागेनासा झाला. "कंपनीला कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी मी सांगितलं म्हणून लावली होती." त्या गावांतल्या लग्नांना त्या अजून जातात. लोक मानानं पुढे बसवायला बघतात, पण त्या जेवतात शेवटच्या पंगतीला. त्यानंतर मी त्यांना कुणाच्या बाजूच्या आहात असं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी फर्मान काढलं. सातबाऱ्याचं कलम रद्द, प्रोजेक्टर घरी आणि गावातल्या बायका शेडवर येणार. "मुलगी द्यायची तर घर बघतात की नाही? चार वर्षं शेत द्यायचं तर तुमचं घर नको बघायला?" अनघाला हे इतकं पटलं की तिनं आदल्या दिवशी शेडचे पडदे धुतले. कांदेपोहे करायचं बाईंनीच सांगितलं होतं. वर खोबरं भरपूर घाला, गावाकडच्या नावं ठेवतात, ही सूचनासुद्धा त्यांचीच.

बायका आल्या. पुढे सुमनताई, किसनरावांच्या थोरल्या वहिनी. उंच, हडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी त्यांना ऑफिसात नेऊन नव्या पुडीची डिझाइन्स दाखवायला लागलो. त्यांनी ती मान हलवून बघितली आणि मग सगळ्याजणी मला तिथेच सोडून संडास बघायला गेल्या. तिथून वाळवणीच्या खोलीत गेल्या. आमच्या शेडमधल्या बायकांना त्यांनी कोपऱ्यात गाठलं आणि पगार वेळेवर होतो का, मालक तोंड कसं वापरतो, हे सगळं हळू आवाजात विचारून घेतलं. एकीनं अनघाला विचारलं, "तुमी सोता पिता काय ह्यो चहा?" अनघा कधी खोटं बोलत नाही, ही तिची खोड आहे. ती म्हणाली, "पावसाळ्यात पिते. एरवी मला साधाच आवडतो." मी भिंतीचा आधार घेतला. बाई पोह्यांची बशी हातात घेऊन समाधानानं मान हलवत होत्या.

शेवटी सगळ्याजणी शेडच्या मागे गेल्या. तिथे काळ्या पडलेल्या पातीचा ढीग होता.

"ह्ये काय?" सुमनताईंनी विचारलं.

"नापास माल. दाबला जातो, तापतो आणि काळा पडतो. मग घेता येत नाही."

"कुनी नापास केला?"

"आम्ही. इथे आल्यावर."

"जेचा माल त्यो व्हता का हितं?"

"नाही. त्याला फोनवर कळवतो."

सुमनताईंनी ढिगातली एक पात उचलून हुंगली. बाकीच्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदरानं हात पुसले. पोहे मात्र सगळ्यांनी संपवले होते.

त्यांना सोडायला मी आणि बाई, त्या आल्या होत्या त्याच जीपमधून निघालो. संध्याकाळ झाली होती, आणि संध्याकाळी वाघोलीत काय होतं ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. पुढच्या गाड्या इंजिन बंद करून उभ्या होत्या. लोक खाली उतरून मोबाईलवर बोलत होते. आम्हीही उभे राहिलो. बराच वेळ झाल्यावर गावातल्या बायकांपैकी एकजण खिडकीतून बघत म्हणाली, "आवो, ही गाडी तुमचीच ना?"

दुभाजकाच्या पलीकडे, शेडच्या दिशेनं तोंड करून, आमचाच टेम्पो अडकला होता. बाजूला आमच्या पुडीचं चित्र रंगवलेलं आणि वर ताडपत्री करकचून बांधलेली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून झोपला होता. दुसऱ्या एका गावाहून तो माल घेऊन निघाला होता, सकाळी कापलेला.

मी काही बोलायच्या आत सुमनताई उतरल्या. दुभाजक ओलांडून त्यांनी ताडपत्रीची कड उचलली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तसाच तो बाहेर काढला आणि ओरडल्या, "आगं बया! ही तर शिजतीया की!"

मग काय, सगळ्याजणी उतरल्या. प्रत्येकीनं हात घालून बघितला. एकीनं दुसरीला विचारलं, "मघाचा ढीग ह्योच का गं?" आणि दुसरी म्हणाली, "ह्योच. माल शेतात पास, वाघोलीत नापास." त्या हसायला लागल्या. आजूबाजूचे मोटारसायकलवालेही हसायला लागले. मलाही त्यांनी हात घालायला लावला. आत पाणी तापवायच्या बंबाजवळ असावी तशी ऊब होती. इतके दिवस शेतकऱ्यांना मी फोनवर सांगत होतो की तुमचा माल खराब आला, आणि तो आमच्याच गाडीत, आमच्याच रस्त्यावर खराब होत होता.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी दुभाजकावर स्टूल उघडलं होतं आणि त्यावर बसून त्या हा सगळा प्रकार बघत होत्या. त्या इतक्या खूश मला कधीच दिसल्या नव्हत्या.

गावात उतरताना सुमनताई हात जोडून म्हणाल्या, "पोहे चांगले झालते. कळवतो."

कांदेपोहे खाऊन गेलेली माणसं 'कळवतो' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही.  त्यानंतरचे दिवस तर फारच वाईट गेले. गिऱ्हाइकाचा माणूस येण्याची वेळ जवळ येत होती. रोपांचे ठोंब शेडच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली पडून होते. मी हिंजवडीच्या जुन्या साहेबांचा नंबर शोधून ठेवला. अनघानं ते बघितलं आणि माझे ऑफिसचे जुने शर्ट इस्त्रीला काढले, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी बाईंच्या मागे लागलो की निदान एक फोन तरी करा.

"मुलाकडचे असे मागं लागले की मुलीकडचे पळतात," बाई म्हणाल्या आणि डब्यातली वांग्याची भाजी खायला लागल्या.

"पळालेत त्या, बाई. त्यांनी आपला दोष स्वतःच्या हातानं चाचपून बघितलाय."

"म्हणून तर! दोष दिसला नाही तर माणूस तो शोधत बसतो. यांना दिसला. आता तो चालवून घ्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं आहे त्यांना. ठरवू द्या ना बाप्पा."

एका सकाळी शेडसमोर जीप थांबली. पुढून सुमनताई उतरल्या, मागून बायका आणि सगळ्यांत शेवटी, जरासे ओशाळलेले किसनराव. सुमनताईंनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

"माल आमच्या शाळंच्या वट्यावर, आमच्या म्होरं निवडायचा. तितंच वजन. जो नको त्यो आमचा आमी परत नेऊ. जो गाडीत चढला त्यो तुमचा. मग तुमी त्यो वाघोलीत शिजवा, न्हायतर भाजा. आन गाडी उन्हं चढायच्या आत गावातनं भाईर पडली पायजे."

"चालेल," मी म्हणालो. 

"आन सह्या आमी करणार."

"मी निसता साक्षीदार," किसनराव मागून म्हणाले.

मी बाईंकडे बघितलं. आता त्या काहीतरी गोड बोलतील अशी माझी अपेक्षा होती. बाई स्टुलावरून उठल्या, पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "बघा, अजून विचार करा. शेत अडकून राहील. कांद्याला भाव आला तर..."

"बाई," सुमनताई म्हणाल्या, "तुमी आता गप बसा."

आणि बाई गप बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी साडीच्या पदरानं, अजिबात न लपवता पुसलं. अनघा आतून साखरेचा डबा घेऊन आली आणि तिनं प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवली. मी खाली बसलो. तोही नेमका बाईंच्या स्टुलावर, जिथे आजवर त्यांच्याशिवाय कुणीच बसलं नव्हतं. बाईंनी मला उठवलं नाही.

लागवड झाली. गिऱ्हाइकाचा माणूस येऊन शेतं बघून गेला. सुमनताईंनी त्यालाही संडास आहे का, पगार वेळेवर होतो का, हे विचारलं, आणि तोही बिचारा उत्तरं देत बसला. काही महिन्यांनी पहिली कापणी झाली. त्या दिवशी मी सकाळपासून शेडच्या दारात उभा होतो. पात वाटेत तापली तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल, याची भीती काही केल्या जात नव्हती. दुपार व्हायच्या बऱ्याच आधी टेम्पो वळणावर दिसला. तो थांबल्या थांबल्या मी ताडपत्रीची कड उचलली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

पात गार होती. देवघरातल्या तांब्यासारखी गार. मी तसाच उभा राहिलो.

"काऊन रडून राहिले?" बाई मागे येऊन उभ्या होत्या.

"रडत नाहीये. वास झोंबला."

"गवती चहाचा वास झोंबत नाही." त्यांनीही हात आत घातला आणि थोडा वेळ आतच ठेवला. मग पिशवी उघडली, त्यातून माझं ते नेमणुकीचं पत्र काढलं आणि उन्हात उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मला वाटलं, झालं, आज सही होणार. मी खिशातलं पेन काढलं.

"यात लिहिलंय, कंपनीच्या हिताविरुद्ध बोलू नये," बाई म्हणाल्या. "मग मी गावात जाऊन बोलू काय?"

"ते कलम काढतो."

"काढा. आणि मी अजून तुमचं घर पाहिलं नाही. रविवारी येते."

"पोहे करू?"

"कराच. पण चहा तुमच्या मिसेसला आवडतो तो. साधा."

रविवारी बाई आल्या. त्यांनी संडास बघितला, फ्रिज उघडून बघितला, शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून हळू आवाजात काहीतरी विचारलं. पोह्यांसाठी दोनदा बशी पुढे केली. निघताना मी पायऱ्यांपर्यंत गेलो आणि राहवेना म्हणून विचारलं, "मग, बाई?"

"कळवते," खालच्या मजल्यावरून आवाज आला.

आता बाई लेकीकडे नागपूरला असतात. त्या जाईपर्यंत इतकी वर्षं आमच्याकडे होत्या, पण सही काही त्यांनी केली नाही. त्या रविवारी मी जिन्यातून परत घरात आलो तेव्हा अनघानं विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. सोमवारी सकाळी शेडवर गेलो तर बाई माझ्या आधीच आलेल्या होत्या, दारात स्टूल टाकून बसलेल्या.